ताटाच्या कडेवरचा हात

आकाराम होवाळला गावात सगळे गुळव्या म्हणूनच ओळखतात. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी, जी चार-पाच गुऱ्हाळं अजून तग धरून आहेत, त्यांतल्या दोन मालकांचं म्हणणं असं की आकाराम रस आटवायच्या काहिलीपाशी उभा असला तर आपण खुशाल घरी जाऊन झोपावं. पस्तीस वर्षं हा माणूस उकळत्या रसाकडे बघत उभा राहिलाय. भुवया दोनदा जळून पुन्हा आल्यात. उजव्या हाताची तीन बोटं इतकी निबर झालीत की चहाचा कप गरम आहे की गार हे त्याला डाव्या हाताने बघावं लागतं.

गूळ तयार झाला हे ठरवायची गुळव्याची एक रीत आहे. रस आटतो, घट्ट होतो, त्याला छान सोनेरी रंग चढतो आणि बघणारा म्हणतो, झाला. गुळव्या म्हणत नाही. तो पळीभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती गोळी काहिलीच्या काठावर मारून बघतो. टण्ण वाजली तर गूळ झाला, नाहीतर अजून जाळ लागणार. दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढी एकच गोष्ट आकाराम धंद्यात शिकला, असं तो स्वतः सांगतो.

ही रीत आधीच सांगून ठेवली, कारण आकारामची पुढची सगळी पंचाईत तिच्यातूनच उभी राहिली.

सहा वर्षांपूर्वी त्याची बायको, बाळाबाई, घर सोडून सांगलीला लेकीकडे निघून गेली. कारण साऱ्या गावाला माहीत होतं. आकारामचा राग. काहिलीपाशी तो ओरडायचा ते लोक चालवून घ्यायचे, कारण तिथे दोन श्वासांचा उशीर झाला तर काहिलीतलं अख्खं आधण करपतं. पण घरी कुठलं आधण करपत होतं? आमटीत मीठ कमी, टॉवेल जागेवर नाही, कुणीतरी मध्येच बोललं, एवढं पुरायचं. त्या दिवशीही मीठच कमी होतं. आकारामने भरलं ताट भिंतीवर भिरकावलं. बाळाबाईने भाकरी उचलली, झटकली, भिंतीला पाठ लावून बसली आणि तीच भाकरी स्वतः खाल्ली. मग तिने भिंत पुसली. सकाळी सातच्या एसटीला पिशवी घेऊन ती उभी होती.

आकाराम स्टँडपर्यंत मागोमाग गेला होता. तिथे ती एवढंच म्हणाली, "बदललासा तर न्यायला या. पर बदललोय असं तुमीच म्हणायचं न्हाई."

"मग कुणी म्हणायचं?"

"ते तुमी हुडका," असं म्हणून ती गाडीत चढली.

पहिला महिनाभर तो तिच्यावर चिडून होता. दुसऱ्या महिन्यात घर फार शांत वाटायला लागलं. तिसऱ्या महिन्यात तो संध्याकाळचा विहारात जाऊन बसायला लागला, खरं सांगायचं तर तिथे चार माणसं असतात म्हणून. विहारात तात्याबा होते. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, ताठ कण्याचे, मिशीला अजून पीळ देणारे. त्यांनी कुठल्याशा शिबिरात जाऊन आनापान शिकून घेतलं होतं आणि गावातल्या आठ-दहा जणांना ते रोज पहाटे कवायतीच्या शिस्तीत बसवायचे. श्वास येतोय, बघायचा. जातोय, बघायचा. बाकी काही करायचं नाही.

आकारामला हे काम जमण्यासारखं वाटलं. बघत उभं राहणं हाच तर त्याचा धंदा. इथे फक्त बसून बघायचं होतं.

पण गुळव्या तो गुळव्याच. बसायला लागून चार महिने झाले नाहीत तोच त्याला प्रश्न पडला की हे तयार झालंय हे कळायचं कसं? बाळाबाई म्हणाली होती, तुमीच म्हणायचं नाही. मग खूण कोणती? गार पाणी कोणतं, काठ कोणता? या प्रश्नाने त्याला असा धरला की पुढची पाच वर्षं सोडलं नाही.

पहिल्या वर्षी त्याचे गुडघे दुखायचे थांबले. त्याला वाटलं, ही खूण. मग कळलं की गुडघे बसून बसून सरावले होते, गावातल्या शिंप्याचे सरावतात तसे. दुसऱ्या वर्षी टाळूवर मुंग्या यायला लागल्या. तो आठवडाभर खुशीत होता. टोपी घालायचा नाही, मुंग्यांना अडथळा नको म्हणून. नंतर त्या आल्या तशा गेल्या. तिसऱ्या वर्षी बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि चौथ्या वर्षी तात्याबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्याला ध्यानात निळा प्रकाश दिसतो.

निळ्या प्रकाशाने विहारात खळबळ उडाली. कुणाला पिवळा दिसायला लागला, कुणाला भगवानांची आकृती. आकारामला काहीच दिसेना. तो पहाटे तीन-तीन तास बसून राहिला. एका पहाटे अखेर निळं काहीतरी लुकलुकलं. त्याचा श्वास अडकला. डोळे किलकिले करून पाहिलं तर समोर नव्या इन्व्हर्टरचा दिवा. हे त्याने प्रामाणिकपणे तात्याबांना सांगितलं. तात्याबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "इन्व्हर्टर कवा बसवला?" मग ते बराच वेळ विचारात पडले होते.

एवढं मात्र खरं की पाचव्या वर्षापर्यंत आकारामचा राग गेला होता. म्हणजे त्याला कुणावर ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. गुऱ्हाळातसुद्धा तो हाताने खूण करायचा. लोक म्हणायचे, आकाराम पार गार झाला गड्या. आणि आकारामलाही आतून कधी कधी वाटायचं, झाला असेल का गूळ?

यंदाच्या वर्षावासात, म्हणजे आषाढी ते आश्विनी पुनवेपर्यंतच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालू होतं. वाचन झालं की चार शब्द बोलायचे. श्रावण संपत आला होता. त्या दिवशी आकाराम उठला आणि म्हणाला, "पाच वरसं बसतोय, आता मला राग येत न्हाई. हेला प्रगती म्हणायची का? कुणीतरी सांगा."

तात्याबा म्हणाले, व्हय, म्हणायची. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मागे भिंतीला टेकून धोंडुबाई बसली होती. ऐंशीच्या घरातली म्हातारी, विहाराचा परिसर झाडून काढायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलेलं. ध्यानाला ती कधी बसत नसे. गुडघे वाकत नाहीत, असं सांगायची.

ती म्हणाली, "आकाराम, घरात कोण कोण असतंय रं?"

"मी एकलाच की आक्का."

"मग राग यायचा कुणाचा? भिताडाचा?"

सगळे हसले. आकारामही हसला. पण घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की म्हातारीने त्याची पाच वर्षं एका वाक्यात काहिलीतून बाहेर काढली होती. रंग छान आला होता, एवढंच. गोळी पाण्यात कधी टाकलीच नव्हती. घरात भांडायला माणूस नाही, मीठ कमी पडलं तर आपणच टाकलेलं कमी. अशा घरात तर कुणीही शांत बसेल.

दुसरा एखादा खट्टू झाला असता. आकारामला मात्र एकदम हुरूप आला. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला काय करायचं ते कळलं होतं. गुऱ्हाळं लागायला दोन महिने अवकाश होता. त्याने दोन धोतरं, टॉवेल आणि ध्यानाला बसायची चादर पिशवीत टाकली आणि कराडहून सांगलीची गाडी पकडली.

लेक माया शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर राहायची. ती एका शाळेत कारकून, जावई कुणाल हळदीच्या पेढीवर कामाला. आकाराम यायचा तो वर्षातून एखाद्या दिवसासाठी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. आज पिशवी मोठी बघून मायाने आईकडे पाहिलं.

बाळाबाई दारातच उभी होती. केस पांढरे झाले होते, पण चेहरा भरला होता. तिने विचारलं, "किती दिस?"

"पंधरा."

"काम काय काढलंय?"

आकारामला खोटं बोलता येत नव्हतं. तो म्हणाला, "मला राग येतुय का, ते बघायला आलोय."

बाळाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरात व्हय? राग बघायला?" आणि आत निघून गेली. आतून तिचं आणि मायाचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. पण पाण्याचा तांब्या बाहेर आला, आणि मागोमाग चहाही.

पहिले तीन दिवस काहीच घडलं नाही. आकाराम पहाटे गॅलरीत चादर अंथरून बसायचा, दिवसा कुणालबरोबर बाजारात चक्कर मारायचा, हळदीच्या पोत्यांचा वास घेऊन यायचा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती आहे ते लोकांबरोबर बघून यायचा. राग कुठे दिसेना. त्याला शंका आली की आपण पाहुणे आहोत म्हणून सगळे जपून वागतायत. त्याने बाळाबाईला सांगून पाहिलं, "तू जपून वागू नगंस."

"मी न्हाई जपून वागत," ती म्हणाली. ते खोटं होतं, पण ते तिलाही माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी कुणालने हौसेने गुळाची ढेप आणली. सासरा गुळव्या, तेव्हा घरात चांगला गूळ पाहिजे, असा त्याचा साधा विचार. ढेप पिवळीजर्द होती, अगदी लिंबासारखी. बाळाबाईने त्या गुळाच्या पोळ्या केल्या. जेवायला बसल्यावर आकारामने पहिला घास तोंडात घातला आणि त्याच्या जिभेच्या कडेला खारट चव लागली. पावडर. रंग यावा म्हणून रसात पावडर टाकतात ती. पस्तीस वर्षांत एकदाही या माणसाने ती पावडर काहिलीजवळ येऊ दिली नव्हती, त्यासाठी दोन मालक सोडले होते. आणि आज त्याच्या बायकोच्या हाताने, त्याच्या लेकीच्या घरात, त्याच्याच ताटात ती आली होती.

"हे कुणी आणलं?" आवाज असा निघाला की माया हातातला घास तसाच धरून थांबली. "गुळव्याच्या घरात ही घाण? डोळं फुटलंत का सगळ्यांचं? मी जिता हाय अजून."

कान तापले. उजवा हात ताटाकडे निघाला. हे सगळं त्याने पाहिलं, अगदी रसाला कढ येताना बघावं तसं, आणि बघत असतानाही ते थांबलं नाही. हात ताटापाशी पोचला. आणि तिथे आधीच एक हात होता.

बाळाबाईचा डावा हात. अंगठा ताटाच्या कडेखाली, दोन बोटं वरून, घट्ट. ती समोर बसली होती, खाली मान घालून, आणि तिने ताट धरून ठेवलं होतं.

आकारामचा हात हवेत राहिला. राग तिथेच होता, कान तापलेलेच होते, पण त्या सगळ्याच्या मधोमध त्याला एक साधं कुतूहल वाटलं. हिने हात कधी ठेवला? आपण ओरडायच्या आधी की नंतर? नंतर ठेवायला तर वेळच नव्हता. मग तो आधीपासून होता. किती आधीपासून?

तो म्हणाला, "पावडरीचा गूळ हाय ह्यो. पुन्यांदा आणू नगा." आणि जेवला. पोळी मात्र त्याने बाजूला ठेवली. कुणाल बिचारा दोनदा माफी मागून गेला.

त्या दुपारी आकाराम गॅलरीत बसून होता तेव्हा त्याला स्वतःची चीड आली. राग आला होता. पाच वर्षं बसून पुन्हा तोच राग, तेच कान, तोच हात. गोळी पाण्यात टाकली आणि विरघळून गेली. पिशवी भरावी आणि संध्याकाळची गाडी पकडावी, असं त्याने ठरवलंही. पण तो हात काही डोळ्यांपुढून जाईना. एवढं एक बघून जाऊ, म्हणून तो रात्रीच्या जेवणापर्यंत थांबला.

रात्री बाळाबाईने ताट वाढलं, त्याच्यापुढे ठेवलं, समोर बसली. डावा हात सहज पुढे आला आणि ताटाच्या कडेवर बसला. अंगठा खाली, दोन बोटं वर. ती मायाशी शाळेतल्या कुठल्याशा बदलीबद्दल बोलत होती. हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. आकाराम जेवून उठेपर्यंत हात तिथे होता, मग आपोआप गेला.

सकाळी पुन्हा तेच. दुपारी पुन्हा तेच. आकारामने नीट बघितलं. कुणालच्या ताटावर ती हात ठेवत नव्हती. मायाच्याही नाही. फक्त आकारामच्या. म्हणजे गावातही ठेवत असणार. किती वर्षं? माया रांगायला लागली तेव्हापासून? त्याच्याआधी? पस्तीस वर्षं रसाचा प्रत्येक बुडबुडा ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच ताटावरचा हात एकदाही दिसला नव्हता. आकारामला फार लाज वाटली. इतकी की दोन दिवस तो बाळाबाईच्या तोंडाकडे बघू शकला नाही.

मग त्याच्यातला गुळव्या जागा झाला. त्याने विचार केला, आपण पाच वर्षं खूण शोधतोय. टाळूवर शोधली, गुडघ्यात शोधली, इन्व्हर्टरच्या दिव्यात शोधली. ती खूण इथे आहे. या हाताला आपण काहीही सांगितलेलं नाही आणि त्याच्या मालकिणीलाही तो आहे हे ठाऊक नाही. म्हणजे हा खोटं बोलणार नाही. ज्या दिवशी हा हात ताटावरून जाईल, त्या दिवशी गोळी वाजली.

आणि म्हणून त्याने ही गोष्ट बाळाबाईला सांगायची नाही असं ठरवलं. सांगितली असती तर ती खजील झाली असती आणि तिने हात मुद्दाम मांडीवर ठेवला असता. मग पाणीच गढूळ झालं. पंधरा दिवस संपले तेव्हा तो म्हणाला, "अजून थोडं दिस ऱ्हावं म्हणतोय." बाळाबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मध्ये एकदा तात्याबांचा फोन आला. "काय आकाराम, काही प्रगती? प्रकाश वगैरे?"

"न्हाई सुभेदार. हात दिसला."

"कुणाचा?"

आकारामने सगळं सांगितलं. तात्याबांनी फोन ठेवून दिला. तीन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. नेहमीचा कडक आवाज जरा खाली आला होता. "आकाराम, मी दारात बूट काढायला लागलो का आमची ही टीव्हीचा आवाज बारीक करती. मी काय सांगितलेलं न्हाई कधी. ईस वरसं करती म्हणं. मला निळा प्रकाश दिसतोय आणि हे दिसलं न्हाई." मग ते म्हणाले, "आता काय करायचं?"

"बघायचं," आकाराम म्हणाला. "मीबी बघतोयच."

बघणं सोपं नव्हतं. सुरुवातीला त्याने घाई केली. गुळव्याने जाळ वाढवावा तसं. जेवताना तो मुद्दाम गोड बोलायला लागला, आमटीची तारीफ करायला लागला, स्वतःचं ताट स्वतः धुवायला लागला. हात आणखी घट्ट बसला. आकारामने विचार केला तेव्हा त्याला कळलं का ते. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस गोड बोलला की मागून काय यायचं, ते त्या हाताला पाठ होतं. मग त्याने गोड बोलणं सोडून दिलं. वाटलं तर बोलायचा, नाहीतर गप्प जेवायचा. मीठ कमी असलं तर म्हणायचा, मीठ कमी हाय, आणि स्वतः उठून घ्यायचा. दोनदा त्याला रागही आला. एकदा कुणालच्या गाडीचा हॉर्न सारखा वाजत होता म्हणून आणि एकदा चादर कुणीतरी धुवायला टाकली म्हणून. दोन्ही वेळा त्याने तो येताना पाहिला. पहिल्यांदा तो ओरडला आणि चहा गार व्हायच्या आत खाली जाऊन कुणालला म्हणाला की मी उगीच ओरडलो. पूर्वी असा राग त्याच्या अंगात आठ-आठ दिवस राहायचा, घरात कुणी भांडं जोरात ठेवत नसे. दुसऱ्यांदा तर राग गळ्यापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. आकारामला त्याची गंमत वाटली. कुठे गेला असेल तो?

पहाटे गॅलरीत बसल्यावर आता तो खूण शोधत नसे. श्वास येतोय, जातोय. कधी मध्येच बाळाबाईचा तो हात आठवायचा, तरुणपणी गुऱ्हाळात कामाला असताना चरकात सापडून चेपलेली त्याची करंगळी आठवायची, आणि डोळ्यांत पाणी यायचं. त्याला तो प्रगती म्हणत नव्हता. ते नुसतं दुःख होतं.

भाद्रपद सरत आला होता. रविवार होता, सगळे घरी होते, जेवणं चालू होती. आकारामचा फोन वाजला. गुऱ्हाळाचे मालक नानासो. आकाराम ज्यांच्याकडे सतरा वर्षं उभा राहिला ते. नानासो म्हणाले की आवंदा व्यापारी पिवळा माल मागतोय, पावडर टाकावी लागणार, तुमाला जमत असलं तर या, न्हाईतर कोरेगावचा एक गुळव्या तयार हाय.

आकारामने फोन खाली ठेवला आणि तो पेटला. ह्यावेळी खराखुरा पेटला. "सतरा वरसं," तो म्हणाला, आणि आवाज चढत गेला. "सतरा वरसं ह्येच्या काहिलीवर भुवया जाळल्या मी. ह्येच्या बापानं मला काय सांगितलं हुतं? आणि हे बेणं मला फोनवर सांगतंय, पावडर टाक. लोकांच्या पोराबाळांच्या पोटात जातंय ते. लाज हाय का? कोरेगावचा आणतंय म्हणं. आण की. आण..."

मांडीवर मूठ आपटत होती, कान लाल झाले होते, कुणालने पाण्याचा तांब्या हळूच बाजूला सरकवला होता. माया भिंतीकडे बघत होती. आकाराम बोलतच होता. बोलता बोलता त्याची नजर खाली गेली.

ताटाच्या कडेवर हात नव्हता.

त्याने वर पाहिलं. समोर बाळाबाई नव्हती. ती उठून स्वयंपाकघरात गेली होती. दारातून तिची पाठ दिसत होती. ती कट्ट्यापाशी उभी राहून आमटी ढवळत होती, त्याच्याकडे पाठ करून, अगदी निवांत. तो ओरडत असताना ती उठली होती. ताट तिथेच सोडून.

आकारामचं वाक्य अर्धंच राहिलं.

"बोला की," आतून बाळाबाई म्हणाली. "आयकतीय मी. त्यो नानासो तसलाच. तेचा बाप बरा हुता."

आकाराम त्या पाठीकडे बघत होता. राग होता का अजून? असेल, पण त्याच्याकडे बघायला आकारामला वेळ नव्हता.

"दुसरं गुऱ्हाळ हाय की तुमचं, वरच्या अंगाचं," ती पुढे म्हणाली. "ते काय पावडर टाकत न्हाईत. त्यांचं कवा लागतंय?"

"दिवाळीच्या आधी," आकाराम कसाबसा म्हणाला. "आठ-धा दिस."

"मग पुनवेला जाऊ. वर्षावासबी संपतोय तवा. घर झाडाय-पुसायला चार दिस लागतील. तुमी एकल्यानं काय करून ठेवलंय कुणाला ठावं."

मायाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आकाराम ताटाकडे बघत होता. त्याचा डावा हात न कळत पुढे गेला होता आणि कडेवर बसला होता, जिथे तिचा बसायचा तिथेच. अंगठा खाली, दोन बोटं वर. स्टीलची कड गार होती. इतकी वर्षं तिने ही अशी धरली, असं त्याच्या मनात आलं, आणि कडेवरची त्याची पकड घट्ट झाली.

बाळाबाई आमटीचं भांडं घेऊन बाहेर आली. वाढायला वाकली आणि थांबली.

"आवं, ताट असं कशाला धरलंय?" ती म्हणाली. "सोडा की."

त्याने सोडलं.